हित कोणाचे, मोजणार कोण?

अमेरिकेच्या मध्यवर्ती माळरानावरील एका अतिदरिद्री परगण्याने २००० सालच्या निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवाराला ऐंशी टक्क्यांहून अधिक मते दिली. या कोड्यापासून थॉमस फ्रँक यांनी ‘व्हॉट्स द मॅटर विथ कॅन्सस?’ (२००४) या आपल्या पुस्तकाचा आरंभ केला आहे. ज्या पक्षाची अर्थनीती धनिकांच्या सोयीची, त्याच पक्षाला शेतकरी-कामगार का निवडून देतात, हा त्यांचा प्रश्न आजही जुना झालेला नाही.

फ्रँक स्वतः कॅन्ससमध्ये वाढलेले. १८९०च्या दशकात रेल्वे कंपन्या व बँकांविरुद्ध उठलेल्या पॉप्युलिस्ट शेतकऱ्यांचे हे राज्य. पुस्तकाचे नावही विल्यम अ‍ॅलन व्हाइट या संपादकाने १८९६ मध्ये त्या शेतकऱ्यांची टर उडवण्यासाठी लिहिलेल्या अग्रलेखाचे. तोच रोष शंभर वर्षांनी उलट दिशेला कसा वळला, हे सांगताना फ्रँक यांच्या लेखणीला धार चढते. १९९१च्या उन्हाळ्यात विचिटा शहरातील गर्भपात केंद्रांपुढे हजारो लोकांनी धरणे धरले, अटका करवून घेतल्या. यांतूनच पक्षाचे नवे कार्यकर्ते उभे राहिले. मते मागायची ती गर्भपाताच्या नावाने आणि सत्ता मिळताच सवलती द्यायच्या त्या श्रीमंतांना, असा लेखकाचा आरोप आहे.

तो निराधार म्हणवत नाही. गव्हर्नर सॅम ब्राउनबॅक यांनी २०१२ मध्ये केलेल्या करकपातीने राज्याची तिजोरी इतकी रोडावली की २०१७ मध्ये त्यांच्याच पक्षाचे बहुमत असलेल्या विधिमंडळाने, त्यांचा नकाराधिकार डावलून, तिचा बराचसा भाग मागे घेतला.

तरीही पुस्तक वाचताना एक गोष्ट खटकत राहते. मराठीत ‘हित’ आणि ‘स्वार्थ’ हे शब्द निराळे आहेत. फ्रँक यांच्या विवेचनात ते एकच होऊन बसतात. स्वतःवर अधिक कर लादणाऱ्या पक्षाला मत देणारा धनिक उदार ठरतो; त्याला कोणी फसलेला म्हणत नाही. मग गरिबाने खिशापलीकडचा विचार केला, तर तोच तेवढा भ्रमिष्ट कसा? त्याची श्रद्धा या पुस्तकात बहुधा आजाराचे लक्षण म्हणून येते, विचारपूर्वक घेतलेली भूमिका म्हणून क्वचितच. लॅरी बार्टल्स या राज्यशास्त्रज्ञाने तर २००६ मध्ये आकडेवारीनिशी दाखवले, की अशा गोऱ्या मतदारांच्या निर्णयात सामाजिक प्रश्नांपेक्षा आर्थिक प्रश्नांचेच वजन अधिक होते.

पुढे कॅन्ससनेच सर्वांना बुचकळ्यात टाकले. गर्भपाताचा हक्क राज्यघटनेतून काढण्याची दुरुस्ती ऑगस्ट २०२२ मध्ये जनमतासाठी आली. तिला कॅथॉलिक चर्चचा उघड पाठिंबा होता. कित्येक देवळांतून त्यासाठी प्रार्थना झाल्या असतील. सुमारे ५९ टक्के मतदारांनी ती फेटाळली. त्याच नोव्हेंबरात डेमोक्रॅट लॉरा केली पुन्हा गव्हर्नर झाल्या, आणि २०२४ मध्ये त्याच राज्याने ट्रम्प यांना तिसऱ्यांदा कौल दिला.