आपली साक्ष आपणच

मनुष्याला दोन ओळखी असणे हे सचोटीच्या अभावाचे लक्षण होय, असे मत फेसबुकचे एक संस्थापक मार्क झुकरबर्ग यांनी व्यक्त केले होते. डेव्हिड कर्कपॅट्रिक यांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या 'द फेसबुक इफेक्ट' या ग्रंथात ते नमूद आहे. कचेरीतील सहकाऱ्यांना दिसणारा माणूस वेगळा आणि बाहेरच्या सोबत्यांना दिसणारा वेगळा, हे दिवस आता सरत आले, असा त्यामागील विचार. समाजमाध्यमावरील प्रोफाइल आणि प्रत्यक्षातला माणूस यांची तुलना करावयास बसलेले बहुतेक टीकाकार 'प्रोफाइल खोटे असते' येथून आरंभ करतात आणि तेथेच थांबतात. आम्हांस मात्र त्या खोटेपणाची फारशी चिंता वाटत नाही. लग्नाच्या स्थळांचे टिपण करताना सावळा वर्ण गव्हाळ करणारे आणि छायाचित्रकाराच्या दुकानातला उसना कोट अंगावर चढवून तसबीर काढून घेणारे आमचेच वाडवडील होते. अतिशयोक्ती क्षम्य आहे. तिच्यामागे उभे असलेले तत्त्वज्ञान तितके क्षम्य नाही.

आमच्या गोमंतकातील एखादा साधारण गृहस्थ घ्या. घरात तो कोंकणी बोलतो, देवळात आरती मराठीत म्हणतो आणि कचेरीतले टिपण इंग्रजीत लिहितो. आजोबांच्या जन्मनोंदीत पोर्तुगीज लेखनपद्धतीमुळे 'कामोतीं' असलेले आडनाव नातवाच्या दाखल्यावर 'कामत' होऊन बसलेले असते. प्रभूंचे 'पोरोबो' आणि शेणवींचे 'सिनाय' याच वाटेने आले. ही निरनिराळी नावे एकाच इसमाची आहेत, अशा आशयाची प्रतिज्ञापत्रे आम्ही व्यवसायात कितीतरी केली आहेत. हाच गृहस्थ पालखीच्या रात्री खांदा देतो, सभेत हिशेबावरून तावातावाने भांडतो आणि वृद्ध मातेसमोर आवाजही चढवीत नाही. त्याला अप्रामाणिक कोण म्हणेल? ज्या नात्यात जे रूप शोभते ते धारण करणे यालाच आपल्याकडे मर्यादा म्हणतात.

या बहुरूपाचे शास्त्रीय विवेचन समाजमाध्यमे जन्मास येण्यापूर्वीच झाले होते. एर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९५६ साली 'द प्रेझेंटेशन ऑफ सेल्फ इन एव्हरीडे लाइफ' हा ग्रंथ लिहून, रोजच्या व्यवहारात माणूस रंगमंचावरील नटाप्रमाणे वागतो आणि त्यालाही विंग असते, असे प्रतिपादन केले. आमच्या वाचकांना हे सांगण्यास समाजशास्त्रज्ञाची गरज नाही. जत्रेच्या रात्रीचे नाटक पुरे आहे. राजाचा मुकुट घालून गर्जना करणारा वाणी दुसऱ्या दिवशी दुकानात साखर जोखताना सर्वांना दिसतो. मुकुट बेगडी आहे हे ठाऊक असूनही प्रेक्षक रात्रभर बसतात, कारण तो रात्रीपुरता राजा आणि दिवसाचा वाणी असे दोन्ही त्यांना माहीत असतात. प्रोफाइलवर मुकुट तेवढा दिसतो, दुकान दिसत नाही. शिवाय तेथे मावशी, वरिष्ठ अधिकारी, शाळासोबती आणि ज्याची कधी गाठही पडली नाही असा परका, हे सारे एकाच रांगेत बसलेले असतात. इतक्या भिन्न श्रोत्यांपुढे एकाच तोंडाने बोलावयाचे म्हटले, की माणूस एक तर गुळमुळीत बोलतो किंवा सर्वांत मोठ्याने टाळ्या पिटणाऱ्यांसाठी बोलू लागतो.

'खरे' नाव कोणते, याबद्दलचा आग्रहही याच विचारातून आला. २०१४ साली स्त्रीवेषात रंगमंचावर वावरणाऱ्या अमेरिकेतील कलावंतांची खाती, ती कागदोपत्री नावाने नाहीत या कारणास्तव, बंद करण्यात आली. त्यावरून गदारोळ उठल्यावर फेसबुकला क्षमा मागावी लागली. आमच्याकडे नारायण श्रीपाद राजहंस हे नाव उच्चारल्यास किती जण माना वर करतील? बालगंधर्व म्हणा, म्हणजे पाहा. मंगेशीच्या दीनानाथांनी मंगेशकर हे आडनाव घेतले, आणि आज त्या घराण्याची दुसरी ओळख कोणाला सुचतही नाही. ही नावे टिकली ती धारण करणाऱ्याने घोषित केली म्हणून नव्हे. लोकांनी ती मान्य केली, उच्चारली आणि पुढे चालविली म्हणून.

आमच्या मते तुलनेचे मर्म येथे आहे. माणसाची ओळख ही इतरांनी दिलेली साक्ष असते. प्रोफाइल ही आपली आपणच दिलेली साक्ष आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या २१ व्या कलमाने असा दंडक घालून दिला, की कोणाचेही कथन काही अपवाद वगळता त्याच्या विरुद्ध वापरता येते, त्याच्या स्वतःच्या लाभासाठी नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमानेही हा नियम राखला आहे. याची मौज पोटगीच्या दाव्यांत पाहावी. 'रजनेश विरुद्ध नेहा' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दोन्ही पक्षांनी आपली मालमत्ता व देणी प्रतिज्ञापत्रावर उघड करावीत असे ठरविले. त्या प्रतिज्ञापत्रात उत्पन्न नाही म्हणून सांगणाऱ्या पतिराजांची विदेशप्रवासाची छायाचित्रे त्यांच्याच प्रोफाइलवरून वकील सादर करतात. ज्या कागदाने मालकाची थोरवी गावी त्यावर कायदा विश्वासत नाही, आणि तोच कागद मालकावर उलटला की कान टवकारतो. शपथेवर लिहिलेले आणि हौसेने लिहिलेले, दोन्ही एकाच हातचे. परंतु पहिल्यामागे शिक्षेचे भय असते, दुसऱ्यामागे कौतुकाची अपेक्षा.

साक्षीदाराची उणीव भरून काढण्याचा एक प्रयत्न झाला होता. ट्विटरने २००९ पासून प्रसिद्ध व्यक्तींच्या खात्यांपुढे पडताळणीची निळी खूण लावण्यास आरंभ केला. २०२२ च्या अखेरीस ती वर्गणी भरून मिळू लागली, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये जुन्या मानकऱ्यांच्या खुणाही काढून घेण्यात आल्या. पैसे घेऊन उभा राहणारा साक्षीदार आम्ही कचेरीच्या आवारात पुष्कळ पाहिला आहे. त्याबद्दल अधिक लिहिण्याचे कारण नाही.

देवस्थानच्या महाजनांच्या वहीत नाव चढते ते केवळ कोणी स्वतः सांगितले म्हणून नव्हे. त्याचे कूळ, त्याचा गाव यांना ओळखणारे इतर असावे लागतात. वाद उपस्थित झाल्यास पुरावा द्यावा लागतो, आणि असे वाद न्यायालयापर्यंत येतात हे सर्वश्रुत आहे. या पद्धतीत अन्याय झालेला नाही असे आम्ही म्हणत नाही. ज्याला गावाने दिलेली ओळख जाचते, त्याला आपली ओळख आपण लिहिण्याची मुभा मिळणे ही प्रोफाइलची मोठी देणगी आहे, आणि तिचा उपहास गावच्या मानकऱ्यांनी तरी करू नये.

परंतु कागदाचा क्रम असा, की आधी घटना घडावी आणि मग तिची नोंद व्हावी. तो क्रम आता उलटू लागला आहे. पालखी दारात येते तेव्हा देवाकडे पाठ करून, फोनकडे तोंड करून उभी राहणारी मंडळी सर्वत्र दिसतात. दर्शन घेतल्याची नोंद तयार होते, दर्शन राहून जाते. माणूस प्रोफाइल लिहीत होता तोपर्यंत ठीक होते. आता प्रोफाइल माणसाला लिहू लागले आहे, आणि तरुण मुलांच्या बाबतीत हे लेखन फार कोवळ्या कागदावर चालले आहे.

मनुष्य गेल्यावर तर दोहोंची फारकत पूर्ण होते. मृताचे खाते स्मृतिरूपाने राखण्याची सोय फेसबुकने २००९ साली केली, आणि ते सांभाळण्यासाठी आपल्या पश्चात कोणास नेमावे हे सांगण्याची सोय २०१५ साली. आमच्याकडे गोव्याच्या २०१२ च्या उत्तराधिकार कायद्यानुसार वारसांसमोर मालमत्तेची यादी होते. बागायत, घर, दागिने, तांब्यापितळेची भांडी, सारे तीत क्रमवार येते. आम्ही हाताळलेल्या यादीत मृताच्या प्रोफाइलची नोंद अद्याप एकदाही झालेली नाही, आणि कोणा वारसाने ती मागितलेलीही नाही.