रशियाचा परिचय आणि आमचीं मुलें

परदेशाचा परिचय मुलांस करून देण्याची आमच्या शाळांची रीत ठरून गेली आहे. नकाशांतील रंग, राजधानीचें नांव, हवामान, आणि शेवटीं एक चित्र. रशियाच्या वांट्यास बर्फ व सोनेरी घुमट येतात. धडा संपतो, देश कळत नाहीं.

आपट्यासारख्या गांवच्या शिक्षकास याहून चांगला आरंभ घरच्या जिल्ह्यांतच सांपडेल. पंधराव्या शतकांत व्होल्गाकांठच्या त्वेर शहराचा व्यापारी अफनासी निकितिन चौल बंदरीं उतरला. पाली, उमरी अशी वाट काढीत तो जुन्नरास पोंचला. विक्रीसाठीं आणलेला त्याचा घोडा तेथील अधिकाऱ्यानें हिरावून घेतला आणि धर्म बदलशील तर परत देऊं, अशी अट घातली. त्यांतून तो मोठ्या संकटानें सुटला. मायदेशीं परततांना स्मोलेन्स्क गांठण्यापूर्वींच त्यास मरण आलें. टिपणें मात्र उरलीं. या टिपणांत पाहणारा रशियन आहे व पाहिले जाणारे आपण आहों. जाईन तेथें लोक मागें लागतात, गोऱ्या माणसाचें त्यांस नवल वाटतें, असें तो नोंदवितो. परकेपणा दोन्ही बाजूंनीं असतो, ही समज मुलास येथें आपोआप येते.

शहरांच्या परिचयासाठीं अण्णाभाऊ साठे यांचें 'माझा रशियाचा प्रवास' हें पुस्तक हातीं घ्यावें. १९६१ सालचा हा प्रवास. तो करणारा लेखक मुंबईच्या कामगारवस्तींत वाढलेला. शाळेचें शिक्षण त्यास जवळजवळ नाहींच. म्हणून रस्ता, घर, कारखाना यांकडे तो कष्टकऱ्याच्या नजरेनें पाहतो, आणि पुस्तकाचें खरें बळ या नजरेंत आहे. परंतु पाहुण्यास यजमान दाखवील तेवढेंच दिसतें, ही मर्यादाही सांगितली पाहिजे. १९३२-३३ चा भीषण दुष्काळ व १९३७-३८ ची धरपकड यांवांचून त्या शहरांचा इतिहास पुरा होत नाहीं. रशिया पाहण्याच्या कितीतरी आधीं अण्णाभाऊंनीं 'स्टालिनग्राडचा पवाडा' रचला होता. ते तिकडे गेले त्याच वर्षीं त्या शहराचें नांव बदलून व्होल्गोग्राड झालें. या एका गोष्टींतून केवढा इतिहास शिकवितां येईल! १९२५ पूर्वीं तेंच शहर त्सारित्सिन होतें. पीटर्सबर्गचेंही तसेंच: १७०३ मध्यें वसलेलें, १९१४ मध्यें पेत्रोग्राड, १९२४ मध्यें लेनिनग्राड, आणि १९९१ मध्यें पुन्हा पहिलें नांव. मधल्या काळांत १९४१ ते १९४४ च्या वेढ्यांत तेथील लाखों माणसें उपासमारीनें मेलीं. ज्या राज्यानें १९३५ मध्यें मॉस्कोच्या भुयारी रेल्वेचीं स्थानकें प्रासादांसारखीं सजविलीं, त्याच राज्यांत मध्यरात्रीं दारावर पडणाऱ्या थापेचें भय होतें. दोन्ही गोष्टी एकाच तासांत सांगाव्या.

यावर कोणी म्हणेल, कोंवळ्या मुलांस हें कडू सत्य कशास? आमचें मत निराळें आहे. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' या १९९५ च्या चित्रपटाचा शेवटचा प्रसंग आपटा स्थानकांत चित्रित झाला, आणि पडद्यावर तें स्थानक पंजाबांतलें म्हणून खपून गेलें. ज्यांच्या गांवानें पंजाबचें सोंग घेतलें, त्या मुलांस देखावा वेगळा व गांव वेगळें, हें कोणी शिकवावयास नको. सोनेरी घुमटही देखावा आणि कोणाही सरकारची जाहिरातही देखावाच, एवढें त्यांस जोडून दाखवावें.

फेब्रुवारी १९२२ नव्हे, फेब्रुवारी २०२२ म्हणजे सोव्हिएत संघाच्या स्थापनेनंतर शंभरावें वर्ष. त्या महिन्यांत रशियानें युक्रेनवर चढाई केली. वर्गांत त्याविषयीं प्रश्न येणारच. केवळ स्तुति शिकलेलें मूल तेथें गोंधळेल, केवळ निंदा शिकलेलें मूल त्वेरच्या त्या व्यापाऱ्यासही शत्रु मानील. राज्य आणि माणूस यांत भेद करावयास जो धडा शिकवितो, तोच परदेशाचा खरा धडा, असें आम्हांस वाटतें.