ऑनलाइन मालिका : बाजाराचा प्रेक्षक आणि भाषेचा वाचक

पाटणकर बाजार हा ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंदे यांच्या छावणीतून लष्कर वसले आणि तेथे मराठी कुटुंबे स्थिरावली. अशा महाराष्ट्राबाहेरील मराठी प्रेक्षकाला दूरचित्रवाणीच्या अर्थकारणात दीर्घकाळ स्थान नव्हते. केबलचालक बहुसंख्य ग्राहकांची मागणी पाहत असे. ‘बार्क’च्या मोजणीतही मराठी वाहिन्यांची बाजारपेठ म्हणजे महाराष्ट्र व गोवा. 2016 मध्ये जिओमुळे डेटा स्वस्त झाला, 2018 मध्ये झी-फाइव्ह सुरू झाले आणि हे बंधन सैल झाले. ऑनलाइन माध्यमात प्रेक्षक कोणत्याही गावचा असो, त्याच्या पाहण्याची नोंद होते आणि वर्गणी वा जाहिरातीच्या रूपाने त्याला किंमत येते.

उर्दूच्या बाबतीतही असेच घडले. ‘झिंदगी’ वाहिनीने 2014 पासून पाकिस्तानी मालिका भारतात दाखविल्या. 2016 मध्ये उरी येथील हल्ल्यानंतर त्या बंद झाल्या, तरी यूट्यूबवर त्यांचा प्रेक्षक टिकून राहिला. या मालिकांचे आकर्षण त्यांच्या आटोपशीरपणात आहे. फरहत इश्तियाक यांच्या कादंबरीवरील ‘हमसफर’ 23 भागांत संपते. मराठीतील ‘चार दिवस सासूचे’ तीन हजारांहून अधिक भाग चालली. हा फरक केवळ अभिरुचीचा नाही. रोजच्या भागावर जाहिरात मिळत असेल, तर कथा संपविणे तोट्याचे ठरते. आठवड्याला एक भाग देणाऱ्या मालिकेला शेवट आधीच ठाऊक असतो. त्यामुळे तिच्या संवादांना वजन येते.

तथापि, या उपलब्धतेला भाषासंवर्धन म्हणणे घाईचे होईल. मालिका कान तयार करते, लिपी शिकवीत नाही. ‘तकल्लुफ’ ऐकून समजणारा विद्यार्थी तो शब्द उर्दू लिपीत वाचू शकेलच असे नाही. हिंदी माध्यमात शिकलेल्या मराठी मुलाला देवनागरी येते, पण मराठी गद्याची सवय नसते. शिवाय मालिका प्रेक्षकाच्या मालकीची नसते. मे 2025 मध्ये केंद्र सरकारने पाकिस्तानी मालिका, चित्रपट व गाणी ऑनलाइन मंचांवरून हटविण्याची सूचना केली. कपाटातील कादंबरी मात्र कपाटातच राहिली.

महाविद्यालयीन शिक्षकाने मालिकेला तुच्छ लेखू नये, तिच्यावर विसंबूनही राहू नये. एखादा प्रसंग ऐकवून तो विद्यार्थ्यांकडून त्या भाषेच्या लिपीत लिहून घ्यावा आणि मूळ कादंबरीकडे न्यावे. बाजार प्रेक्षक मोजतो; वाचक घडविण्याचे काम वर्गातच करावे लागेल.