मैदान कोणाचें ?

भाताची कापणी आटोपली कीं गोंदिया जिल्ह्यांतील कितीतरी बांध्या मोकळ्या पडतात. धसकटें तळपायांस टोंचत असतां गांवचीं मुलें तेथें चेंडू घेऊन जमतात, दोन टोंकांना दोन दोन विटा मांडतात आणि दिवस मावळेपर्यंत खेळतात. आषाढांत चिखलणी होऊन रोवणीस आरंभ झाला म्हणजे तें मैदान पुन्हां शेत होतें. या खेळाडूंच्या जमावास नांव नसतें, त्याची नोंदवही नसते, अध्यक्ष नसतो आणि खजिनदार तर नसतोच. अशा खेळाला इतिहास असूं शकतो काय, आणि असल्यास तो कोणत्या रीतीनें सांगावा, हा प्रश्न वाचकांस क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु दोन चित्रपट पाहून झाल्यावर आम्हांस तो क्षुल्लक वाटेनासा झाला. त्यांतील एक नागपूरचा, म्हणजे आमच्या शेजारचा. दुसरा हजारों कोस दूर असलेल्या आर्जेंटिना देशांतील. पहिला श्री. नागराज मंजुळे यांचा २०२२ सालीं प्रदर्शित झालेला ‘झुंड’. दुसरा हुआन होसे कांपानेल्ला या दिग्दर्शकाचा २००४ सालचा ‘लूना दे आवेयानेदा’, म्हणजे ‘आवेयानेदाचा चंद्र’.

आमच्याकडे खेळमंडळांचा इतिहास लिहिण्याचा एक ठराविक सांचा आहे. रौप्यमहोत्सव आला कीं स्मरणिका निघते. तींत प्रथम संस्थापकांचें छायाचित्र, मग देणगीदारांची नामावळी, त्यानंतर जिंकलेल्या ढाली व चषक, आणि शेवटीं व्यापाऱ्यांच्या शुभेच्छा. मंडळ ज्या आळींत जन्मलें ती आळी, ज्या जागेंत तें खेळलें ती जागा, आणि ती जागा मिळविण्यासाठीं व राखण्यासाठीं करावी लागलेली यातायात, यांस त्या पुस्तिकेंत क्वचितच ठाव मिळतो. वस्तुतः गरीब वस्तींतील मंडळाचा खरा इतिहास या जागेचाच असतो. कोणत्या सामन्यांत किती गोल झाले हें विसरलें तरी चालतें. मैदान गेलें तर मंडळ उरत नाहीं. याच कसोटीवर हे दोन्ही चित्रपट घासून पाहण्याचा आमचा विचार आहे.

‘झुंड’ची कथा सत्य घटनेच्या पायावर उभी आहे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजांतील क्रीडाशिक्षक श्री. विजय बारसे यांनीं कांहीं मुलांना पावसांत एक फुटकी बादली पायांनीं ढकलीत खेळतांना पाहिलें, त्यांच्या हातीं चेंडू दिला, आणि त्यांतून २००१ सालीं झोपडपट्टीच्या फुटबॉलचा उपक्रम जन्मास आला. हाच उपक्रम पुढें ‘स्लम सॉकर’ या नांवानें प्रसिद्धीस आला. बेघरांच्या विश्वचषकाची जी स्पर्धा २००३ सालीं ऑस्ट्रियांतील ग्रात्स शहरीं प्रथम भरली, तिच्या पुढील काळांतील मैदानांवर या उपक्रमांतील मुलें जाऊन पोहोंचलीं. चित्रपटांत बारसे यांचे विजय बोराडे झाले असून ती भूमिका श्री. अमिताभ बच्चन यांनीं केली आहे. मुलांचीं कामें मात्र बहुतांशीं नागपूरच्या वस्त्यांतून निवडलेल्या मुलांनींच केलीं आहेत, आणि त्यांच्या तोंडची नागपुरी हिंदी कानाला जितकी खडबडीत तितकीच खरी वाटते. एवढ्या थोर नटाला या मुलांच्या मेळाव्यांत एका बाजूस उभें राहावयास लावणें, आणि त्यानेंहि तें समजून उमजून करणें, ही या चित्रपटाची लहान कमाई नव्हे.

आमच्या मतें या चित्रपटांतील सर्वांत मार्मिक प्रसंग सामन्याचा नसून पैशाचा आहे. बोराडे मास्तर मुलांस सांगतात कीं, खेळाल तर पैसे देईन. मुलें पैशाच्या आशेनें रोज येतात. मग एके दिवशीं आज पैसे नाहींत असें मास्तर सांगतात. मुलांचीं तोंडें उतरतात. परंतु चेंडू डोळ्यांपुढें असतां त्यांना राहवत नाहीं आणि तीं फुकट खेळूं लागतात. मजुरीचा खेळ कसा होतो, हें दाखविण्यास येथें उपदेशाचा एकहि शब्द खर्चावा लागलेला नाहीं. जमावाचा संघ बनतो तो याच क्षणीं.

दुसरें बलस्थान म्हणजे भिंत. कॉलेजचें मैदान आणि झोपडपट्टी यांच्यामध्यें एक भिंत उभी आहे. कॉलेजच्या संघाशीं सामना होतो तो चित्रपटाच्या पूर्वार्धांतच. सामान्य दिग्दर्शकानें तो शेवटास ठेवला असता आणि प्रेक्षकांस टाळ्या वाजवीत घरीं पाठविलें असतें. श्री. मंजुळे यांना ठाऊक आहे कीं सामना जिंकून भिंत पडत नाहीं. म्हणून उत्तरार्धांत चेंडू मागें पडतो आणि कागद पुढें येतात. परदेशीं जावयाचें तर पारपत्र हवें. पारपत्रासाठीं ओळखीचा पुरावा हवा. आणि ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या याच मातींत गेल्या त्यांच्यापाशीं आपण आपणच आहों हें सिद्ध करणारा कागद नाहीं. एका आदिवासी मुलीची आणि तिच्या बापाची त्यासाठीं चाललेली पायपीट पाहतांना देवरी, सालेकसा या भागांतील कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर ताटकळत बसलेलीं माणसें आम्हांस आठवल्यावांचून राहिलीं नाहींत. विमानतळावरील प्रसंगांत तपासणीच्या दारांतून पुन्हां पुन्हां परत फिरणारा नायक शेवटीं जवळचें पातें टाकून देतो, तेव्हां भिंतीची एक वीट त्याच्या आंतहि होती हें आपणांस उमगतें. सुमारें तीन तासांची लांबी पुष्कळांस खटकली. कागदांच्या या भागापुरती तरी ती आम्हांस आवश्यक वाटते.

इतकी स्तुति केल्यावर आमचा आक्षेप सांगणें प्राप्त आहे. पैसे घेऊन खेळणें ही पहिली पायरी. पैसे न घेतां खेळणें ही दुसरी. परंतु तिसरीहि एक पायरी आहे, आणि ती म्हणजे स्वतः वर्गणी देऊन खेळणें. पहिल्या पायरीवर झुंड असते, दुसरीवर संघ असतो, आणि मंडळ जन्मास येतें तें तिसरीवर. ही तिसरी पायरी ‘झुंड’मध्यें कोठेंच नाहीं. चेंडू मास्तरांचा, खर्च मास्तरांचा, न्यायालयांतील रदबदलीहि मास्तरांचीच. मुलें धांवतात, बदलतात, रडतात; ठरवीत मात्र कांहींच नाहींत. उद्यां मास्तर थकले तर चेंडू कोठें ठेवावयाचा आणि मैदानाचा अर्ज कोणीं लिहावयाचा, हें त्यांच्यांतील एकालाहि विचारलें जात नाहीं. त्यामुळें ही कथा उद्धाराची होते, संस्थेची होत नाहीं. उपकारकर्त्याची थोरवी खरीच आहे. पण तिच्या छायेंत वस्ती सदैव घेणारीच राहते.

संस्थेची कथा कशी असते हें पाहण्यास आर्जेंटिनाकडे वळणें उपयुक्त ठरेल. तेथें फुटबॉल इंग्रजांच्या आगगाडीबरोबर आणि शाळांबरोबर गेला. रोसारिओ शहरांतील एक नामांकित क्लब १८८९ सालीं रेल्वेच्या नोकरांनींच काढला. पुढें तो खेळ गल्लीबोळांत शिरला आणि गल्लीगल्लींतून क्लब निघाले. चाकारिता नांवाचा क्लब १९०६ सालच्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस, कामगारांच्या दिवशीं, अराजवाद्यांच्या एका ग्रंथालयांत स्थापन झाला. सान लोरेन्झो या क्लबाची जन्मकथा तर आपल्या नागपूरच्या कथेची थोरली बहीण शोभेल. १९०८ सालीं ब्यूनोस आयर्स शहराच्या आल्माग्रो भागांत कांहीं पोरें भर रस्त्यांत खेळत असत. त्यांतील एक ट्रामखालीं सांपडतां सांपडतां वांचला, आणि लोरेन्झो मास्सा नांवाच्या पाद्र्यानें देवळाचें आवार त्यांना खेळावयास मोकळें करून दिलें.

येथवर पाद्री मास्सा आणि बोराडे मास्तर यांच्यांत भेद नाहीं. भेद पुढें आहे. तेथील क्लब हे सभासदांच्या मालकीचे असतात; सभासद वर्गणी देतात आणि मत देऊन कारभारी निवडतात. १९१६ सालीं या मुलांच्या क्लबानें स्वतःचें मैदान उभें केलें. १९७९ सालीं, लष्करी राजवटींत, तें त्याच्या हातून गेलें आणि पुढें त्या जागीं एक भलें मोठें दुकान उभें राहिलें. पाद्री मास्सा तोंवर केव्हांच दिवंगत झाले होते. तरीहि सभासदांनीं नाद सोडला नाहीं. त्यांनीं मोर्चे काढले, शहराच्या विधिमंडळाकडून २०१२ सालीं जागा परत मिळण्याचा कायदा करवून घेतला, एकेका चौरस मीटरचे पैसे घरोघरच्या माणसांनीं भरले, आणि २०१९ सालीं ती जमीन क्लबाच्या ताब्यांत आली. पहिलें आवार दान म्हणून मिळालें होतें; ही जमीन त्यांनीं हक्कानें मिळविली. दान आणि हक्क यांच्यामध्यें जें शतक गेलें, तोच त्या क्लबाचा इतिहास.

कांपानेल्ला यांचा चित्रपट अशाच, पण कल्पित, क्लबाविषयीं आहे. ब्यूनोस आयर्सला लागून असलेल्या आवेयानेदा या कारखान्यांच्या गांवीं एक क्लब आहे. एके काळीं तेथें उत्सवाच्या रात्रीं सारी वस्ती नाचावयास येत असे. कथानायक रोमानचा जन्मच अशा एका रात्रीं त्या क्लबांत झालेला. आज छत गळतें आहे, सभासद हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत आणि कर्ज डोईजड झालें आहे. जागा विकत घेऊन तेथें जुगारगृह काढावें, त्यांत वस्तीच्या लोकांना नोकऱ्या द्याव्या, असा प्रस्ताव येतो. शेवटीं सभा भरते. नायक कळकळून बोलतो, आणि मतदानांत हरतो. कारण पोटाला नोकरी हवी असणारा सभासदहि खोटा नसतो. चित्रपट ठिकठिकाणीं भावविवश होतो, भाषणें लांबतात, आणि गतकाळाचें सोनें जरा अधिकच चकाकतें, हे दोष आम्ही झांकून ठेवीत नाहीं. परंतु त्या सभेंत हात वर करणारा प्रत्येक मनुष्य मालक आहे. त्यांना आपला क्लब मोडण्याचाहि अधिकार आहे, आणि म्हणूनच त्यांचा पराभव शोकान्त वाटतो. सर्व संपल्यावर नायक विचारतो कीं नवा क्लब काढावयास काय काय लागतें. हा प्रश्न ‘झुंड’मधील एखाद्या मुलाच्या तोंडीं आला असता तर!

यावर कोणी म्हणेल, ज्यांच्या घरीं सायंकाळच्या भाकरीची भ्रांत त्यांनीं वर्गणी कोठून द्यावी? आक्षेप वजनदार आहे. पण त्याचें उत्तर ‘झुंड’मध्येंच आहे. वस्तींतील डॉ. आंबेडकर जयंतीचा जो सोहळा श्री. मंजुळे यांनीं इतक्या उमाळ्यानें रंगविला आहे, तसा सोहळा कोणाच्या दानानें होत नसतो. तो घरोघरच्या वर्गणीनें होतो. त्याचा हिशेब ठेवावा लागतो, परवानगी काढावी लागते, भांडणें मिटवावीं लागतात. म्हणजे मंडळ चालविण्याची विद्या वस्तीपाशीं आहेच. दिग्दर्शकानें ती जयंतीच्या मिरवणुकींत पाहिली आणि मैदानावर मात्र ती विसरली, असें खेदानें म्हणावें लागतें.

महाराष्ट्रांत या विद्येचें उदाहरण पाहावयाचें तर कोल्हापुरास जावें. तेथें फुटबॉलचे संघ पेठांतील तालमींतून वाढले. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा यांच्या नांवांत अजूनहि ‘तालीम मंडळ’ हे शब्द आहेत. जेथें मल्ल मातींत घुमले तेथल्याच पोरांनीं चेंडू उचलला आणि पेठेनें तो आपला मानला. १९४० सालीं स्थापन झालेल्या कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनच्या छत्राखालीं हे संघ शाहू स्टेडियमवर झुंजतात, तेव्हां सारी पेठ प्रेक्षागारांत लोटते. त्या ईर्ष्येंत हाणामाऱ्याहि झाल्या आहेत, तें भूषण नव्हे. पण तेथील मूल कोणाच्या कृपेनें खेळत नाहीं, आपल्या तालमीच्या नांवानें खेळतें. २०१७ सालीं सतरा वर्षांखालील विश्वचषकांत भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा.

तात्पर्य, ‘झुंड’ हें खेळमंडळाच्या इतिहासाचें पहिलें प्रकरण आहे आणि ‘लूना दे आवेयानेदा’ हें शेवटचें. एकांत मंडळ अद्याप जन्मलेलें नाहीं, दुसऱ्यांत तें मरणपंथास लागलें आहे. मधलें प्रकरण, म्हणजे वर्गणी, सभा, रुसवेफुगवे, मैदानाचे अर्ज आणि हिशेबाची वही, हें कोल्हापूरच्या पेठांत नित्य घडतें आहे आणि समर्थ लेखकाची वाट पाहत आहे. त्यांत चमत्कार नाहीं, एकटा नायकहि नाहीं. म्हणूनच तें लिहिणें कठीण आहे. श्री. मंजुळे यांच्या अंगीं तें सामर्थ्य निःसंशय आहे, आणि त्यांच्यापाशीं मागणें मागावयाचें तें याकरितांच.

आमच्या झाडीपट्टींत दिवाळीनंतर मंडईचे दिवस येतात. गांवचें नाट्यमंडळ मांडव घालतें, तिकिटें खपवितें, रात्रभर नाटक करवितें आणि सकाळीं तूट-फायद्याचा हिशेब मांडून बसतें. हीच मंडळी कापणीनंतर बांधींत खेळणाऱ्या पोरांकडे कौतुकानें पाहतात आणि पुढें जातात. त्यांपैकीं एखाद्यानें थांबून एक वही त्या मुलांच्या हातीं द्यावी आणि पहिल्या पानावर त्यांनाच त्यांचीं नांवें लिहूं द्यावीं. इतिहासाचा आरंभ तेथून होईल.