‘सरफरोश’मधील इन्स्पेक्टर सलीम : आरोपपत्राविना आरोपी

निरपराध पोलीस अधिकाऱ्यावर खोटा आळ येतो, तो एकट्याने पुरावे गोळा करतो आणि अखेरीस वर्दीचा मान परत मिळवतो, हा हिंदी मारधाडपटांचा ठरलेला साचा. जॉन मॅथ्यू मॅथन दिग्दर्शित ‘सरफरोश’ (१९९९) या साच्यातला नाही. तरीही मुकेश ऋषी यांनी साकारलेला त्यातील इन्स्पेक्टर सलीम अभ्यासनीय ठरतो, कारण त्याच्यावर आळ आहे, पण आरोप नाही.

सुलतान नावाचा गुन्हेगार सलीमच्या हातून निसटतो. असे अपयश कोणत्याही अधिकाऱ्याच्या वाट्याला येते. येथे मात्र त्याचे कारण सलीमच्या नावात शोधले जाते आणि तपास एसीपी अजयसिंह राठोड (आमिर खान) याच्याकडे जातो. आरोप खोडता येतो; शंका कोणत्या पुराव्याने खोडायची? उर्दूत ‘इल्जाम’ आणि ‘शुबहा’ हे शब्द वेगळे आहेत ते उगीच नव्हे. इल्जामातून सुटलेला माणूस बेगुनाह ठरतो. शुबह्यातून सुटायचे तर वफादारी दाखवावी लागते, आणि ती किती वेळा, हे कोणी सांगत नाही.

राठोडची बाजू पाहावी. दहशतवाद्यांनी त्याचा भाऊ मारला, वडिलांचे हाल केले. म्हणून तो वैद्यकीय शिक्षण सोडून पोलिसांत आला. या वैयक्तिक दुःखामुळे त्याचा तपास कलुषित होईल, असे कोणाच्या मनातही येत नाही. एकाची जखम पात्रता ठरते, दुसऱ्याचे नाव अडचण. पटकथा ही विसंगती मांडते, पण तिच्यापाशी थांबत नाही.

गझलगायक गुलफाम हसन (नसीरुद्दीन शाह) हे सलीमचे उलटे प्रतिबिंब. फाळणीत घर सुटलेला हा माणूस पाकिस्तानात मुहाजिर म्हणून हिणवला जातो. दोघेही आपापल्या देशात संशयित. उर्दूच्या अध्यापकाला खटकावे ते असे, की नजाकतीची सारी उर्दू खलनायकाच्या वाट्याला आली आहे. निष्ठावान सलीम साधी मुंबईची हिंदी बोलतो. चित्रपटाचे नाव तेवढे उर्दू!

राजकुमार संतोषी यांच्या ‘खाकी’त (२००४) डॉ. इक्बाल अन्सारी दहशतवादी ठरवला जातो. तेथे निदान आरोप आहे, म्हणून सत्य बाहेर काढण्याला कथेत जागा मिळते.

सिल्वासा परिसरातील वर्गांत मराठी, गुजराती, हिंदी आणि वारली बोलणारी मुले शेजारी बसतात. त्यांच्यासमोर सलीम आणि राठोड यांच्या वादाचा प्रसंग ठेवण्यासारखा आहे. विश्वास टाकलात तर हजारो सलीम पुढे येतील, आणि हा देश तुझे घर नाही असे पुन्हा कोणा सलीमला सांगू नका, असे तो सुनावतो. मुकेश ऋषी हा प्रसंग आवाज न चढवता पेलतात. टाळ्या येथेच पडतात. पण हे तो म्हणतो ते आपल्या खबऱ्यांकडून मोलाची माहिती मिळवल्यावर. संशय घेणाऱ्या यंत्रणेची चौकशी हा कथेचा विषयच होत नाही. सलीमच्या खबऱ्यांनी ऐनवेळी दगा दिला असता, तर तो निर्दोष राहिला असता की नाही, हे पटकथेने विचारलेले नाही.