एकमितीय वर्णपटाच्या मर्यादा : अर्धसंवाहक थरांच्या अभ्यासपद्धतीची चिकित्सा

प्रस्तावना :
मराठवाड्यातील पदार्थविज्ञानाच्या संशोधनात अर्धसंवाहक पातळ थरांना महत्त्वाचे स्थान आहे. चंचुपात्र, गरम पाण्याचे पात्र आणि तापमापक एवढ्या साधनांवर कॅडमियम सल्फाइडचा थर काचेवर बसविता येतो. त्यामुळे ही रासायनिक पद्धत निलंग्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणीही परवडते. आर. एस. माने व सी. डी. लोखंडे यांनी २००० मध्ये या पद्धतीचा विस्तृत आढावा प्रसिद्ध केला. थर तयार करण्याची बाजू अशा प्रकारे भक्कम झाली. परंतु थराच्या वर्णपटाचे वाचन अनेकदा तेवढे काटेकोर नसते.

प्रचलित पद्धतीची चिकित्सा :
शोषण वर्णपट घ्यावयाचा, त्यावरून 'टॉक प्लॉट' काढावयाचा, त्यातील सरळ भाग वाढवून बँड गॅप ठरवावयाचा, ही रूढ रीत आहे. तिचा उगम १९६६ मधील अस्फटिकी जर्मेनियमच्या अभ्यासात आहे. स्फटिकी थरांना ती लावताना घातांकाची निवड आणि सरळ भागाची निवड, दोन्ही संशोधकाच्या नजरेवर अवलंबून राहतात. याहून मूलभूत अडचण रुंदीची आहे. वर्णपटातील शिखर रुंद दिसते, त्याची कारणे दोन असू शकतात. थरातील प्रत्येक कणाची ऊर्जा किंचित वेगळी असते, हे एक. उत्तेजित अवस्थेची कलासंबद्धता अल्पकाळ टिकते, हे दुसरे. साध्या वर्णपटात ही दोन्ही कारणे एकाच वक्रात मिसळतात. तरीही त्या वक्रावरून थराच्या गुणवत्तेचे निर्णय दिले जातात.

बहुमितीय पद्धतीचे योगदान :
या दोन कारणांना वेगळे करण्याचे सामर्थ्य बहुमितीय कलासंबद्ध वर्णपटविज्ञानात आहे. तिची कल्पना चुंबकीय अनुस्पंदनातून आली. जीनर यांनी ती १९७१ मध्ये मांडली. अनुस्पंदनातील कार्यासाठी अर्न्स्ट यांना १९९१ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रकाशाच्या क्षेत्रात ती १९९८ च्या सुमारास उतरली. फेमटोसेकंद लेसरचे तीन स्पंद नमुन्यावर सोडले जातात. पहिल्या दोन स्पंदांमधील अंतर बदलत गेल्यास शोषणाची ऊर्जा एका अक्षावर आणि उत्सर्जनाची ऊर्जा दुसऱ्या अक्षावर मांडता येते. या नकाशात कर्णाच्या दिशेची लांबी कणांमधील विषमता दर्शविते, तर कर्णाला छेदणारी रुंदी कलासंबद्धतेचा काळ सांगते. कर्णाबाहेरील शिखरांतून दोन अवस्थांमधील परस्परसंबंध उघड होतो. २०१५ मध्ये टंगस्टन डायसेलेनाइडच्या एकेरी थरातील एक्सायटॉनची मूळ रुंदी या पद्धतीने सुमारे १.६ मिलिइलेक्ट्रॉन-व्होल्ट आढळली. त्याच पदार्थाच्या साध्या वर्णपटातील रुंदी तिच्या अनेक पट होती. म्हणजे रुंदीचा बहुतांश भाग विषमतेचा होता.

पद्धतीच्या मर्यादा :
तथापि नव्या पद्धतीलाही चिकित्सा लागू होते. तिला महागडा लेसर आणि बहुधा अतिशीत तापमान लागते; खरखरीत थर प्रकाश विखुरतात व संकेत झाकोळतो. अर्थनिर्णयातही घाई घातक ठरते. २००७ मध्ये प्रकाशसंश्लेषक प्रथिनात आढळलेली स्पंदने दीर्घकाळ टिकणाऱ्या इलेक्ट्रॉनी कलासंबद्धतेची मानली गेली. पुढील अभ्यासांतून ती मुख्यतः रेणूंच्या कंपनांची असल्याचे मत प्रस्थापित झाले. उपकरण बदलल्याने विवेक आपोआप येत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

निष्कर्ष :
ग्रामीण महाविद्यालयांनी ही महाग साधने मिळेपर्यंत थांबावे, असा याचा अर्थ नाही. एकमितीय वर्णपट जेवढे सांगतो तेवढेच लिहिणे, सरळ भागाची मर्यादा व घातांक निबंधात नोंदविणे, रुंदीवरून एकाच कारणाचा दावा न करणे, एवढे कोणत्याही प्रयोगशाळेस शक्य आहे. परीक्षकांनीही हाच आग्रह धरल्यास साध्या जलपात्रात तयार झालेल्या थरांवरील संशोधन अधिक विश्वासार्ह ठरेल.