चावणाऱ्या कुत्र्याचं चरित्र

कुत्र्यांवर लिहिणाऱ्यांत दोन जाती आहेत. एक, वाचकाला रडवणारे. आणि दुसरे, घरी खरोखरच कुत्रा असलेले. पहिल्या जातीच्या पुस्तकातला कुत्रा चप्पल कुरतडत नाही, पाहुण्यांसमोर गादीवर नको ते करत नाही. तो फक्त धन्याची वाट पाहतो. तोक्योच्या शिबुया स्टेशनावर हाचिकोनं मेलेल्या धन्याची १९२५ ते १९३५ अशी जवळजवळ दहा वर्षं वाट पाहिली. गोष्ट खरी आहे आणि ती वाचून माझेही डोळे पाणावतात. पण डोळे पुसून वर बघावं, तर आमचे चिरंजीव बंड्या शेजारच्या काकूंच्या वाळवणातल्या कुरडया फस्त करत असतात. धर्मराजाच्या मागून हिमालयात गेलेल्या कुत्र्यानंही वाटेत कुणाला चावल्याचा उल्लेख नाही. अर्थात शेवटी चावायला उरलं होतं कोण?

म्हणून मला जेम्स थर्बर हा अमेरिकन लेखक फार जवळचा वाटतो. १९३३ साली निघालेल्या ‘माय लाइफ अँड हार्ड टाइम्स’ या त्याच्या पुस्तकात ‘द डॉग दॅट बिट पीपल’ नावाचा लेख आहे. मग्ज नावाचा एअरडेल जातीचा कुत्रा घरादाराला कसा वेठीला धरतो, एवढाच त्याचा विषय. खाली वाकलं की हा चावणार, म्हणून त्याचं ताट टेबलावर ठेवायचं. गडगडाटाला तेवढा तो भितो. म्हणून त्याला घरात घ्यायचं असेल, तेव्हा आई पत्रा खडखडवून खोटा गडगडाट करते! आणि ज्यांना ज्यांना तो चावला, त्यांना आई दर नाताळात मिठाईचा डबा पाठवते. ती यादी चाळिसाच्या वर जाते.

या लेखाचा नायक मग्ज नाही, आई आहे. कुत्रा कितीही चावो, ती चूक चावल्या गेलेल्याचीच काढते. आमच्याकडे हे काम सौभाग्यवती करतात. फाटकाबाहेर कुरिअरचा पोऱ्या एका पायावर उभा, आतून बंड्या दात दाखवतोय आणि व्हरांड्यातून प्रेमळ आवाज येतो, “या हो, काही करत नाही तो!” हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक श्वानपालकाला तोंडपाठ आहे. हाचिकोच्या गोष्टीत कुत्रा माणसाशी इमान राखतो. थर्बरच्या लेखात माणूस कुत्र्याशी. हे दुसरं इमान जास्त महाग पडतं, आणि ते न रडता सांगणं जास्त कठीण.

पण एक गोष्ट खटकते. त्या चाळीस जणांचं म्हणणं लेखात फारच थोडं ऐकू येतं. चावणाऱ्या कुत्र्यांची चरित्रं नेहमी त्यांचे मालकच लिहितात. चावलेली माणसं ललित लेख लिहीत नाहीत, ती इंजेक्शनच्या रांगेत असतात. आपल्याकडे तर हा प्रश्न मिठाईच्या डब्यानं मिटणारा नाही. पाश्चरनं १८८५ साली जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या पोराला लस टोचली, त्याला आता एकशेचाळीस वर्षं होऊन गेली. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची दहशत गेली, आता ती दंडात देतात. तरीही रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य, हे काही बदललेलं नाही. म्हणून जखम पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायची आणि तडक दवाखाना गाठायचा. हळद, चुना आणि शेजाऱ्यांचे सल्ले नंतर. आणि कुत्र्याला दरसाल लस टोचायची, ती त्याच्या वाढदिवसाच्या केकच्या आधी.

शेवटी मग्ज मरतो. आईला संगमरवरी दगड हवा असतो. थर्बर एक साधी फळी रोवतो आणि तिच्यावर लॅटिनमध्ये लिहितो, ‘कावे कानेम’. म्हणजे, कुत्र्यापासून सावध राहा! आईला ती अक्षरं भारदस्त वाटतात, ती खूश होते. माझं म्हणणं एवढंच की, ही पाटी थडग्यावर लावून उपयोग नाही. ती कुत्रा जिवंत असतानाच फाटकावर लावावी, खाली लसीची तारीख लिहावी, आणि मग व्हरांड्यातून खुशाल म्हणावं, “काही करत नाही तो.”